न्हाणीघरातील उजेड : प्रस्तावना

शहरी घरातील संडास-बाथरूम एकत्र असेल तर त्याचे क्षेत्रफळ बहुधा तीन चौरस मीटरच्या आसपास असते. एवढ्याशा जागेत होणारी कामे मात्र एकमेकांपासून फार वेगळी आहेत. दाढी करताना हनुवटीखालचा केस दिसावा लागतो, काजळ घालताना पापणीची कड दिसावी लागते, औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचता यावे लागते. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना वरचा दिवा थेट त्याच्या डोळ्यांत जाऊन चालत नाही. पहाटे तीनला उठलेल्या आजोबांना उंबरठा आणि ओली फरशी दिसायला हवी, पण त्यांची झोप उडता कामा नये. या प्रत्येक कामाला लागणाऱ्या उजेडाची दिशा निराळी, प्रमाण निराळे आणि रंगही निराळा. प्रत्यक्षात बहुतेक घरांत या सगळ्यासाठी दाराच्या वर एकच होल्डर असतो आणि त्यात घरातला एखादा जास्तीचा बल्ब लावलेला असतो. दिवाणखान्यातल्या झुंबराची चर्चा महिनाभर चालते, ओट्यावर सावली पडेल का हे आवर्जून विचारले जाते. बाथरूमचा पॉइंट कुठे काढायचा हे मात्र इलेक्ट्रिशियन ठरवतो, आणि तोही पाइप न्यायला सोपा पडेल तिथे.

बाथरूमसाठी दिवा किती वॅटचा घ्यावा हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. उजेड कशावर पडतो, कोणत्या बाजूने पडतो आणि कोणाच्या डोळ्यांत जातो, हे आधी ठरवावे लागते. प्रस्तुत पुस्तकाची मांडणी याच विचारावर केलेली आहे.

विजेच्या आधीच्या घरांत हा विचार वेगळ्या वाटेने होत असे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत न्हाणीघर मागच्या अंगाला, विहिरीच्या किंवा आडाच्या जवळ असे; चुलीवरचे किंवा बंबातले पाणी घंगाळात काढून अंघोळ होई. अंघोळीची वेळ सकाळची, त्यामुळे मुख्य प्रकाश दिवसाचाच. भिंतीत वर एखादा झरोका, दाराच्या फटीतून येणारे ऊन आणि पहाटेच्या अंधारासाठी कोनाड्यात ठेवलेली चिमणी किंवा पणती, एवढी सारी व्यवस्था. कोकणात आणि गोव्यात कौलारू छपरात मधेच एखादे काचेचे कौल बसवण्याची रीत आहे. मंगळुरास बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला आणि साच्यातली, एकाच मापाची कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोचली. माप ठरलेले असल्यामुळे त्याच मापाचे काचेचे कौल त्यांच्या ओळीत सहज बसू लागले. अंधाऱ्या न्हाणीला वरून मिळणारा हा प्रकाश आजच्या कित्येक फ्लॅटमधल्या बाथरूमपेक्षा सरस असतो. तो छतातून येऊन भिंतींवर पसरतो, खासगीपणाला धक्का लावत नाही आणि त्याला बिल येत नाही. कोनाड्यातला दिवाही विचारपूर्वक ठेवलेला असे. तो पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर आणि माणसाच्या कमरेच्या वर, बाजूने उजेड देणारा होता. या दोन गुणांकडे आजची प्रकाशयोजना बऱ्याच वळणांनंतर परत आली आहे.

मुंबईत 1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीचे वाडीबंदर येथील वीजकेंद्र सुरू झाले. त्यानंतर वीज सुखवस्तू घरांत, मग चाळींत पोचत गेली. चाळीतली मोरी खोलीच्या कोपऱ्यातच असल्यामुळे तिला स्वतंत्र दिवा मिळण्याचे कारणच नव्हते. खोलीचा बल्ब तोच मोरीचा. सामाईक संडासांच्या बोळात एखादा बल्ब टांगलेला असे. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत गावोगाव तारा गेल्या, तरी अंगणापलीकडच्या न्हाणीपर्यंत वायर नेणे ही घरातली शेवटची सुधारणा राहिली. या सर्व काळात बाथरूमचा दिवा म्हणजे 25 किंवा 40 वॅटचा पिवळा बल्ब. त्याचा प्रकाश थोडा होता, पण रंगाने खरा होता. तापलेल्या तारेच्या प्रकाशात लाल-पिवळ्या छटा भरपूर असल्यामुळे त्वचा, कुंकू, हळद हे रंग त्यात जसेच्या तसे दिसत. ट्यूबलाइट आली तेव्हा विजेची बचत झाली, उजेड वाढला, आणि चेहऱ्यावरचा निरोगी रंग गेला. त्यानंतरच्या सीएफएलने तोच दोष आकाराने लहान करून घरोघर नेला.

एलईडीने चित्र पूर्ण पालटले. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम डायोड 1990 च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये सिद्ध झाला. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप दिला की डोळ्याला पांढरा वाटणारा उजेड तयार होतो. भारतात जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले आणि बाजारभाव झपाट्याने खाली आले. जुना 60 वॅटचा बल्ब सुमारे 700 ल्युमेन प्रकाश देत असे. आज 9 वॅटचा एलईडी बल्ब 900 ल्युमेनच्या घरात देतो. उजेडाचा तुटवडा त्यामुळे संपला आहे. राहिला आहे तो उजेडाच्या जागेचा प्रश्न, आणि स्वस्ताईने तो अधिकच झाकला आहे, कारण अंधार वाटला की आणखी मोठा बल्ब लावणे आता कोणालाही परवडते.

याच काळात बाथरूमही घराच्या पाठीमागून घराच्या पोटात आले. फ्लॅटमध्ये त्याची खिडकी बहुतेक वेळा डक्टमध्ये उघडते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एकत्रित संडास-बाथरूमचे क्षेत्रफळ किमान 2.8 चौरस मीटर आणि रुंदी किमान 1.2 मीटर हवी, आणि व्हेंटिलेटरही हवा. व्हेंटिलेटरचे उघडे तोंड हवेसाठी पुरते. प्रकाशाच्या बाबतीत सगळे डक्टवर अवलंबून असते. वरच्या मजल्यावर दुधी काचेतून सुंदर मऊ उजेड येतो. खालच्या मजल्यांवर भर दुपारीही दिवा लावावा लागतो. डक्टच्या भिंतींना पांढरा चुना किंवा रंग देणे आणि तो दर काही वर्षांनी पुन्हा देणे, हा खालच्या मजल्यांच्या बाथरूमसाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो सोसायटीच्या सभेत क्वचितच मांडला जातो.

घरातील प्रकाशाचा शास्त्रीय विचार गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला आहे आणि त्यात काही स्पष्ट परंपरा दिसतात. पहिली अभियंत्यांची. 1906 मध्ये अमेरिकेत इल्युमिनेटिंग इंजिनियरिंग सोसायटी आणि 1913 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोग स्थापन झाल्यावर प्रकाश मोजण्याची पद्धत पक्की होत गेली. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की तो एक लक्स, आणि कोणत्या कामाला किती लक्स लागतात याची कोष्टके तयार झाली. घरगुती बाथरूमसाठी भारतीय शिफारस साधारण 100 लक्सची, आरशाजवळ वेगळा दिवा असावा या सूचनेसह. हिशेब सोपा आहे. 2.8 चौरस मीटरला 100 लक्स म्हणजे 280 ल्युमेन. भिंती, छत आणि दिव्याचे झाकण यांत निम्मा प्रकाश जातो असे धरले तरी साडेपाचशे-सहाशे ल्युमेन पुरतात. म्हणजे सहा-सात वॅटचा एक एलईडी. तरीही त्याच बाथरूमबद्दल अंधार वाटतो अशी तक्रार होते, आणि या हिशेबाची मर्यादा तिथे उघडी पडते. पांढऱ्या ग्लेझ टाइल्स सुमारे तीन-चतुर्थांश प्रकाश परत देतात. सध्या लोकप्रिय असलेल्या गडद करड्या किंवा काळ्या टाइल्स जेमतेम दहावा हिस्सा. टाइल्स निवडताना निम्मी प्रकाशयोजना ठरून जाते, आणि दुकानात प्रखर फोकसखाली उभे राहून ती निवड करणाऱ्याला याची कल्पना नसते.

दुसरी परंपरा रंगभूमीतून आली. येल विद्यापीठातील स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी 1932 मध्ये रंगमंचावरील प्रकाशाची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. नटाच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी, साधारण 45 अंशांच्या कोनातून प्रकाश टाकला तर चेहऱ्याचा आकार उठून दिसतो आणि सावल्या भेसूर होत नाहीत, हे त्यातले मुख्य सूत्र. पुढे रिचर्ड केली यांनी 1952 मध्ये वास्तूतल्या प्रकाशाचे तीन प्रकार सांगितले: सगळीकडे पसरलेला सौम्य उजेड, एखाद्या जागेकडे लक्ष वेधणारा उजेड, आणि केवळ डोळ्याला आनंद देणारी लखलख. लहानशा बाथरूमलाही ही विभागणी लागू पडते: छताचा किंवा भिंतीचा सर्वसाधारण दिवा, आरशाचा दिवा, आणि हवीच असेल तर फडताळातली एखादी बारीक पट्टी. यांपैकी तिसऱ्यावर आजची सजावट सर्वाधिक पैसा घालवते आणि दुसऱ्याची उपेक्षा करते.

तिसरी परंपरा सावलीची बाजू घेणाऱ्यांची. जपानी कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी यांचा 1933 चा सावल्यांवरील प्रसिद्ध निबंध घर बांधताना येणाऱ्या विजेच्या तारांच्या अडचणीपासून सुरू होतो आणि लगेच जुन्या जपानी शौचालयाकडे वळतो. मंद प्रकाश, लाकूड आणि बागेचे सान्निध्य यांतली शांती पांढऱ्या टाइल्स आणि झगझगीत बल्ब यांनी घालवली, असे त्यांचे म्हणणे. ही भूमिका सौंदर्याची आहे. ओल्या फरशीची काळजी तिच्यात नाही. तरी प्रत्येक कोपरा सारखाच उजळण्याच्या अट्टहासाला तिचे उत्तर आजही दमदार आहे.

चौथी परंपरा आरोग्याची आणि सर्वांत नवी. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दृष्टिपटलातील काही पेशी स्वतःच प्रकाश ओळखून शरीराच्या दिनचक्राला खबर देतात हे दाखवले. या पेशी 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. झोपण्यापूर्वी दात घासताना डोक्यावर 6500 केल्विनचा निळसर पांढरा प्रखर दिवा असणे त्यामुळे नुसते रुक्ष नाही; ते झोपेला प्रतिकूलही आहे. सकाळी मात्र तोच भरपूर उजेड उपकारक. एका खोलीत दोन वेळांना दोन उजेड हवेत, ही मागणी इथून आली.

या सगळ्या परंपरा आरशासमोर एकत्र येतात. डोक्यावरच्या एकाच डाउनलाइटखाली भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची ओठांवर आणि हनुवटीची गळ्यावर पडते. माणूस थकलेला आणि वयस्क दिसतो, आणि वस्तरा नेमका सावलीत चालवावा लागतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीला, एकमेकांपासून 75 ते 90 सेंटिमीटरवर दुधी झाकणाचे दोन उभे दिवे, ही मॅककँडलेसच्या सूत्राची घरगुती आवृत्ती. तिला तोड नाही. उंची घरातल्या माणसांवरून ठरवावी. परदेशी पुस्तकांतील माप आपल्याकडे बरेचदा उंच पडते. बेसिन कोपऱ्यात असेल आणि दोन दिव्यांना जागाच नसेल, तर आरशाइतकीच लांब, दुधी झाकणाची पट्टी आरशाच्या वर लावावी आणि बेसिन पांढरे घ्यावे, म्हणजे हनुवटीखालचा उजेड बेसिनमधून उलटून येतो. आरशाच्या पाठीमागे पट्टी लपवून कडेने उजेड पाझरणारे तयार आरसे सध्या फार खपतात. ते भिंत उजळतात. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांनी फारसा उजळत नाही. असा आरसा घेताना काचेच्या पुढच्या बाजूला प्रकाश देणारी दुधी पट्टी आहे ना, हे पाहावे.

रंगाविषयी बाजारात दोन आकडे मिळतात आणि दोन्ही वाचता आले पाहिजेत. केल्विनचा आकडा उजेड पिवळसर की निळसर ते सांगतो: 2700 ते 3000 उबदार, 4000 मध्यम, 6500 निळसर पांढरा. आपल्याकडे 6500 ला पसंती फार. तो अधिक ‘लख्ख’ वाटतो हे त्याचे कारण. सीआरआय हा दुसरा आकडा त्या उजेडात रंग किती खरे दिसतील ते सांगतो. साध्या एलईडीचा तो 80 च्या आसपास असतो. निळ्या डायोडवरच्या फॉस्फरमधून गडद लाल छटा कमी निघते आणि त्वचेचा जिवंतपणा नेमका त्या छटेत असतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर साध्या एलईडीने राखाडी झाक येते. अंगावरचे पुरळ, डोळ्यांतला पिवळेपणा, जखमेभोवतीची लाली अशा आजाराच्या पहिल्या खुणा माणसाला बहुधा बाथरूमच्या आरशातच दिसतात. आरशाच्या दिव्यासाठी 90 च्या वरचा सीआरआय आणि 3000 ते 4000 केल्विन ही शिफारस म्हणूनच केवळ नटण्यासाठी नाही.

पाणी आणि वीज यांच्या शेजाराचा विचार सर्वांत नेमका लिहिला गेला आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांत बाथरूमचे विभाग पाडलेले आहेत: टबाच्या किंवा शॉवर-कुंडाच्या आतला भाग, त्याच्या वर 2.25 मीटर उंचीपर्यंतचा, आणि त्याला लागून 60 सेंटिमीटरचा. आतल्या भागात फार कमी दाबाची वीज आणि पाण्यात बुडाली तरी टिकणारी उपकरणे, बाहेर शिंतोडे सोसणारी. दिव्यावरच्या आयपी या खुणेतला पहिला अंक धूळ आणि घन वस्तूंपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. दुसरा अंक 4 असेल तर शिंतोडे, 5 असेल तर फवारा सहन होतो. ही विभागणी टब किंवा काचबंद शॉवर गृहीत धरते. आपल्याकडे अंघोळ बादली-मगाने होते, पाटावर बसून होते, कपडे तिथेच धुतले जातात आणि बाथरूम धुताना भिंतींवर पाणी मारले जाते. कोरडा विभाग कागदावर असतो, प्रत्यक्षात फारसा उरत नाही. म्हणून बाथरूममधील प्रत्येक दिव्याचा दुसरा अंक किमान 4 हवा, आणि जिथे हँडशॉवर किंवा जेट पोचतो तिथे 5, हा या पुस्तकातील सर्वसाधारण नियम आहे. तो मानकापेक्षा थोडा कडक आहे; तो तसाच असावा. ओल्या अंगाचा विजेला होणारा विरोध बराच घटतो, शिवाय पाय उघडे आणि फरशी ओली असते. चांगले अर्थिंग आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांना पर्याय नाही. बाथरूमचे स्विचबोर्ड दाराबाहेर ठेवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत उत्तम आहे, आणि नव्या सजावटीच्या हौसेत ती सोडू नये.

कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पावसाळ्यातले चार महिने ओल भिंतीतून हटत नाही. लोखंडी स्क्रू गंजतात, झाकणात किडे साठतात, आणि एलईडीचा डायोड शाबूत असताना त्याला योग्य वीज पुरवणारा ड्रायव्हर जातो. ड्रायव्हर बदलता येईल असा आणि शक्यतो वाफेच्या बाहेर ठेवलेला दिवा घेणे दूरदृष्टीचे. गावाकडे विजेचा दाब वरखाली होतो, तेव्हा खोक्यावर छापलेला व्होल्टेजचा पल्लाही पाहावा.

हा विषय आज निकडीचा होण्यामागे मुख्य कारण घरातली वयस्क माणसे आहेत. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळट होते; साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मोतीबिंदू असेल तर उघडा बल्ब डोळ्यांत चमकून समोरचे दिसेनासे होते. त्यांना जास्त उजेड हवा आणि तो झाकलेल्या दिव्यातून हवा, चकचकीत फरशीवर त्याचे प्रतिबिंब पडू नये. रात्रीसाठी गुडघ्याच्या खाली लावलेला, हालचालीने लागणारा एक-दोन वॅटचा पिवळसर दिवा फरशी आणि उंबरठा दाखवतो आणि डोळे दिपवत नाही. आणखी एक साधी गोष्ट: वीज गेल्यावर चालणाऱ्या इन्व्हर्टरच्या लाइनवर दिवाणखान्याचा पंखा आणि टीव्ही असतो, बाथरूमचा दिवा बहुधा नसतो. भारनियमनाच्या वर्षांत मेणबत्ती घेऊन न्हाणीत जाणारे म्हातारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही जोडणी किती महत्त्वाची हे वेगळे सांगावे लागत नाही.

मराठीत घरबांधणीवर आणि सजावटीवर लेखन होते. त्यात बाथरूमच्या प्रकाशाला मिळालेली जागा एखाद्या परिच्छेदाची असते. इंग्रजी पुस्तके प्रशस्त, कोरड्या आणि टब असलेल्या बाथरूमसाठी लिहिलेली असतात. प्रस्तुत पुस्तक 1.2 ते 1.8 मीटर रुंदीची, डक्टकडे उघडणारी, बादली-मगाची बाथरूम समोर ठेवते. त्यासोबत गावातली वेगळी न्हाणी आणि जुन्या चाळीतून पुनर्विकासात गेलेले कुटुंब यांचाही विचार करते. हॉटेले, रुग्णालये आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे यांचे नियम वेगळे असल्यामुळे ती वगळली आहेत. किमती आणि कंपन्यांची नावे दिलेली नाहीत, कारण ती दर वर्षी बदलतात. त्याऐवजी खोक्यावरचे ल्युमेन, केल्विन, सीआरआय, आयपी आणि व्होल्टेज वाचायला शिकवले आहे.

पुस्तकाचा क्रम बांधकामाच्या क्रमाने लावलेला आहे. वायरिंगचे पाइप भिंतीत टाइल्सच्या आधी जातात, त्यामुळे आरशाची उंची, बेसिनची जागा आणि रात्रीच्या दिव्याचा पॉइंट प्लास्टरपूर्वीच ठरलेले असावे लागतात. एकदा टाइल्स बसल्या की उरतो तो फक्त बल्ब बदलण्याचा पर्याय. म्हणून नकाशे आणि मापे आरंभी आहेत, टाइल्स व रंग मध्ये, आणि दिव्यांची निवड शेवटी. ज्यांचे बाथरूम आधीच बांधून झाले आहे त्यांच्यासाठी भिंत न फोडता करता येण्याजोगे बदल स्वतंत्र दिले आहेत. विजेच्या जोडणीचे प्रत्येक काम मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे आहे, आणि पुस्तकातील आकृत्या त्याच्याशी बोलताना समोर ठेवण्यासाठी आहेत.